बेर्गम्योंशचं तेल: जर्मन आख्यायिकांमधून डंजन कसं रचायचं

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं बनून साहस करायचं, अशा खेळात मी गोष्ट सांगणारा असतो; प्लेयरची पात्रं जिथे शिरतात ती धोक्यांनी भरलेली जागा म्हणजे डंजन. माझं पहिलं 'जर्मन' डंजन वीस मिनिटांत जळून खाक झालं. जंगलात केकचं घर, आत म्हातारी, मागच्या बाजूला भट्टी. दोन रविवार खपून नकाशा काढला होता. प्लेयर दारापर्यंत आले, भिंतीवरच्या साखरेचं वर्णन ऐकून एकमेकांकडे बघून हसले आणि छपरावर पेटता पलिता फेकून मोकळे झाले. चूक त्यांची नव्हती. 'हॅन्सेल आणि ग्रेटेल'ची ती गोष्ट त्यांना लहानपणापासून पाठ होती. म्हातारी कोण, भट्टी कशाला, सगळं माहीत. ज्या घराचा शेवट ठाऊक आहे त्या घरात कोण कशाला शिरेल?

त्यानंतर मी परीकथा बाजूला ठेवल्या आणि आख्यायिकांकडे वळलो. जर्मनमध्ये दोन्हींना वेगळे शब्द आहेत. परीकथा म्हणजे 'मेर्शेन', आख्यायिका म्हणजे 'झागे'. डंजन रचणाऱ्याचं खरं दुकान दुसऱ्या गल्लीत आहे. ही कृती मी आमच्या टेबलावर पाच-सहा वेळा वापरली आहे. खेळाच्या नियमांची सिस्टिम कोणतीही चालेल. उदाहरण म्हणून हार्ट्स डोंगरातली एक चांदीची खाण शेवटपर्यंत सोबत घेऊ.

पायरी 1: आधी ठिकाण शोधा

ग्रिम बंधूंच्या परीकथांचा पहिला खंड 1812 साली आला, तो सगळ्यांना माहीत असतो. आपल्या कामाचा आहे तो त्यांचा जर्मन आख्यायिकांचा संग्रह. 1816 आणि 1818 साली दोन भागांत आलेला, पावणेसहाशेहून जास्त कथांचा. त्यातल्या कित्येक जेमतेम अर्ध्या पानाच्या आहेत. मूळ मजकूर नेटवर फुकट मिळतो, आणि जर्मन येत नसलं तरी मशीन भाषांतरावर डंजनपुरतं भागतं.

परीकथा 'एका जंगलात' घडते. आख्यायिकेत डोंगराला नाव असतं, गावाला नाव असतं, कधी तर तारीखही असते. हामेल्नच्या बासरीवाल्याने 130 मुलं नेली ती 26 जून 1284 या दिवशी, असं ती आख्यायिका सांगते. दुसरा फरक शेवटाचा. परीकथा लग्नाने संपते. आख्यायिका बहुतेक वेळा हुकलेल्या संधीने संपते: दार मिटलं, खजिना आत राहिला, माणूस पुन्हा कितीही हिंडला तरी ती जागा सापडली नाही. म्हणजे खजिना अजून तिथेच आहे! तुमच्या पार्टीला, म्हणजे प्लेयरच्या पात्रांच्या टोळीला, याहून चांगलं आमंत्रण काय द्याल?

कथा निवडताना मी तीन गोष्टी बघतो. जमिनीखाली किंवा पाण्याखाली जाणारी वाट आहे का? आत जाण्याची, राहण्याची किंवा बाहेर येण्याची काही अट आहे का? आणि अट मोडल्यावर मागे काही उरलं आहे का, म्हणजे रिकामा दिवा, बंद दार, वाढलेली दाढी? तिन्ही असतील तर कथा घ्या. अट नसेल तर सोडा, राक्षस कितीही झकास असला तरी.

क्यूफहॉयझर डोंगराखाली झोपलेला सम्राट बार्बारोसा सगळ्यांना आधी सुचतो. दगडी टेबल, त्याभोवती वाढत चाललेली दाढी, वर घिरट्या घालणारे डोमकावळे. कावळे उडायचे थांबेपर्यंत त्याने बाहेर यायचं नाही. दृश्य सुंदर आहे, पण मी ते टाळतो. एक म्हणजे फार वापरलं गेलंय. दुसरं, त्या दाढीला राजकारण चिकटलं आहे. 1896 साली त्याच डोंगरावर राष्ट्रवादी थाटाचं अवाढव्य स्मारक उभं राहिलं आणि 1941 साली सोव्हिएत संघावरच्या नाझी आक्रमणाला बार्बारोसाचंच नाव दिलं गेलं. टेबलावर कोणाला ते माहीत असेल तर डंजनचा सूरच बदलतो.

पायरी 2: कथेतली अट वेगळी काढा

आमच्या खाणीची कथा हार्ट्समधली, 'बेर्गम्योंश' म्हणजे डोंगरातल्या साधूची. थोडक्यात अशी.

दोन खाणकामगार नेहमी जोडीने काम करायचे. एकदा आत पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, दिव्यात पाळी संपेपर्यंत पुरेल एवढं तेल नाही. परत जावं तर मुकादम ओरडणार, थांबावं तर अंधारात अडकणार. तेवढ्यात लांबून एक मोठा उजेड सरकत आला. जवळ आल्यावर दिसला काळ्या झग्यातला, डोक्यावर टोपडं ओढलेला अवाढव्य साधू. घाबरू नका म्हणाला, त्यांचे दिवे घेतले आणि आपल्या दिव्यातलं तेल त्यांत ओतलं. मग त्यांचीच हत्यारं घेऊन आठवडाभराचं काम तासाभरात उरकलं. जाताना बजावलं: मला पाहिल्याचं कोणाला सांगू नका. आणि डाव्या भिंतीवर मूठ मारली. भिंत फाटली, आत सोन्याचांदीची लांबच लांब शीर चमकत होती. दोघांचे डोळे दिपले, त्यांनी मान वळवली, पुन्हा बघतात तो भिंत जशीच्या तशी. त्या क्षणी त्यांनी हातातलं हत्यार किंवा हत्याराचा एखादा तुकडा जरी त्या भेगेत टाकला असता, तर ती उघडी राहिली असती. तेल मात्र टिकलं. वर्षानुवर्षं दिवा भरलेलाच. मग एका शनिवारी दारूच्या गुत्त्यात, मित्रांसोबत रंगात येऊन, त्यांनी सगळं सांगून टाकलं. सोमवारी सकाळी खाणीत उतरले तेव्हा दिव्यात थेंबही नव्हता.

आता कागद घ्या आणि कथा विसरून फक्त नियम लिहा. या कथेतून चार निघतात. तेल संपत नाही. ते कुणाकडून मिळालं हे सांगितलं की संपतं. भेग नजर वळवली की मिटते. भेगेत हत्यार टाकलं की मिटत नाही.

तुमचं डंजन या चार वाक्यांवर उभं राहतं. साधूचे हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) किती, हा प्रश्न मनातही आणू नका. त्याच्याशी लढता येत नाही. त्याला स्टॅट ब्लॉक, म्हणजे ताकदीच्या आकड्यांची चौकट, दिलात की प्लेयर त्याला मारायचा विचार करणारच. कागदावर आकडा दिसला की हात फाशांकडे जातो.

नियम प्लेयरना आयते सांगायचे नाहीत, पण लपवायचेही नाहीत. प्रत्येक नियमाची एक तरी खूण आत जाण्याआधी किंवा पहिल्या दोन दालनांत दिसली पाहिजे. हत्याराच्या नियमासाठी मी भिंतीत अर्धी रुतलेली, गंजलेली कुदळ ठेवतो. दगड तिच्या दांड्याभोवती मेणासारखा आवळलेला आणि बाजूला बोटभर फट. फटीत हात जात नाही, पण दिवा धरला तर आत काहीतरी लकाकतं. कुणीतरी पूर्वी अर्धवट जमवलं होतं, एवढं कळतं. पुढचं प्लेयर जोडतात.

पायरी 3: खरी खाण कशी असते ते बघा

बहुतेक डंजन म्हणजे चौकोनी खोल्या आणि त्यांना जोडणारे बोळ असतात, जणू जमिनीखाली एखादं सरकारी कार्यालय बांधलंय. खाण तशी नसते. धातूची शीर जिकडे जाईल तिकडे माणूस खणत जातो. म्हणून नकाशा वरून काढू नका. विहीर मधोमध कापल्यासारखा उभा छेद काढा.

नमुना म्हणून गोस्लारजवळचं राम्मेल्सबर्ग घ्या. हजार वर्षांहून जास्त काळ तिथे धातू काढला गेला, खाण 1988 साली बंद झाली आणि 1992 साली गोस्लार शहरासह जागतिक वारशाच्या यादीत गेली. नाव कसं पडलं याचीही आख्यायिका आहे: राम नावाच्या सरदाराचा बांधलेला घोडा खुरांनी जमीन उकरत राहिला आणि खालचा धातू उघडा पडला. तुमच्या खाणीलाही अशी एक जन्मकथा द्या, पण दोन वाक्यांतच संपवा.

छेद काढताना पहिली रेघ 'श्टॉलन'ची. डोंगराच्या पोटात जवळजवळ आडवं जाणारं हे बोगद्यासारखं भुयार. त्याला बाहेरच्या बाजूला हलका उतार असतो, म्हणजे खाणीतलं पाणी आपोआप बाहेर वाहून जातं. पायाशी कायम पाण्याची रेघ वाहते. हे प्लेयरना पहिल्याच मिनिटाला सांगा: वाट चुकलात तर पाण्यामागे चला, बाहेर पडाल. चार-पाच दालनं त्यांना या पाण्यावर विसंबू द्या. मग एका ठिकाणी, काहीही सूर न लावता, सांगा की पाणी आतल्या दिशेने वाहतंय. आमच्या टेबलावर ड्रॅगन बघून कोणी हललं नव्हतं, पण त्या वाक्याला एकाने खुर्ची मागे सरकवली.

दुसरी रेघ उभ्या विवराची, शिड्या असलेल्या. तिसरी गोष्ट पाणचक्की. खोल खाणीतलं पाणी उपसायला जमिनीखाली भली मोठी लाकडी चाकं बसवलेली असत. चाकाचं दालन मोठं आणि ओलं, आवाजाने बोलणं ऐकू येत नाही असं. इथे प्लेयरना नुसत्या खुणांनी बोलायला लावा, मजा येते.

चौथं, जळालेलं दालन. कठीण दगड फोडायला लाकडाचे ढीग भिंतीला लावून पेटवत, तापून दगड तडकत असे. म्हणून छत गोलसर, भिंती काजळलेल्या. राम्मेल्सबर्गला ही पद्धत शतकानुशतकं चालली. डंजनमध्ये रचलेला, न पेटवलेला ढीग ठेवा आणि काही बोलू नका. प्लेयर तो पेटवतील. दगड तडकेलही, पण धूर कुठे जाणार याचा विचार बहुधा कोणी केलेला नसतो.

बाकीच्या वाटा अरुंद ठेवा, वाकून चालावं लागेल एवढ्याच. दोन हातांची तलवार इथे फिरत नाही, धनुष्य ताणलं जात नाही. कुदळ, हातोडी, सुरा चालतात. जर्मन खाणकामगार कमरेमागे कातड्याचा एक तुकडा बांधत, ओल्या दगडावर बसायला आणि उतारावरून घसरायला. तो खाणीबाहेरच्या खोलीत खुंटीवर टांगून ठेवा. ज्याने तो उचलला त्याला पुढे उतारावर इजा होत नाही. फालतू दिसणारी वस्तू कामी आली की प्लेयर दुसऱ्या वेळी प्रत्येक खुंटी तपासतात.

आणि सगळ्यात खाली, नकाशाच्या कोपऱ्यात, 'आल्टर मान'. शब्दशः अर्थ म्हातारा माणूस. जर्मन खाणकामगार जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामाला असं म्हणत. "पुढे म्हातारा आहे, तिकडे जाऊ नका," असं मुकादमाने सांगितलं की प्लेयर हटकून विचारतात, म्हातारा कोण? उत्तर देऊ नका.

पायरी 4: दिवा टेबलावर आणा

कथा दिव्याच्या तेलाची आहे, तर तेल हाताला लागलं पाहिजे. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, आकडा खोडून काही होत नाही. मी प्रत्येकासमोर स्टीलची लहान वाटी ठेवतो आणि तीत बारा काबुली चणे. खेळातल्या दर दहा मिनिटांना एक चणा माझ्याकडे परत. पाण्यात पडलात तर दोन. दिवा दुसऱ्याला दिलात तर वाटीही त्याच्यासमोर सरकवायची. वाटी रिकामी झाली की तो प्लेयर अंधारात: त्याला दालनाचं वर्णन मी फक्त आवाज, वास आणि स्पर्शाने देतो.

बारा चणे म्हणजे दोन तास. खाण अशी आखा की शेवटच्या भिंतीपर्यंत पोचायला साधारण दीड तास लागेल. म्हणजे परतीचं तेल नाही. ही टंचाई मुद्दाम हवी, कारण साधू टंचाईच्या वेळीच येतो. निम्म्याहून जास्त वाट्यांत दोनपेक्षा कमी चणे उरले की लांबून उजेड दाखवा.

तो दिवे मागतो. दिले नाहीत तर निघून जातो, रागावत नाही. दिले तर मी चणे नव्याने मोजत नाही, सरळ डब्यातून मूठभर काढून वाटी काठोकाठ भरतो आणि म्हणतो, आता मोजायची गरज नाही. तिथून पुढे वाटीला हात लावत नाही. सेशनभर चणे मोजत बसलेल्या माणसांना हे लगेच कळतं.

मग भिंत. इथे एक युक्ती आहे आणि ती नीट करावी लागते. साधू मूठ मारतो, भिंत फाटते, मी चकाकणाऱ्या शिरेचं वर्णन करतो, आणि लगेच विचारतो, "काय करताय?" घड्याळ लावत नाही. पण कोणी दुसऱ्या प्लेयरकडे सल्ल्यासाठी वळला, की तो वळला. नजर हलली. सगळ्यांनी एकदा तरी मान वळवली की भिंत बंद. पहिल्यांदा खेळलो तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं, तिसरी शीटमध्ये दोरी शोधत होती. चौथा मात्र माझ्याकडेच बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "ती कुदळ भिंतीत का होती?" मग त्याने आपली एकुलती एक जादूची तलवार भेगेत टाकली. बाकीचे ओरडले. भेग उघडी राहिली, तलवार मात्र कायमची दगडात गेली. पुढचं अख्खं कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी मोठी गोष्ट, तो काठी घेऊन फिरला आणि ती गोष्ट प्रत्येक नव्या प्लेयरला सांगत राहिला.

पायरी 5: रहिवासी थोडे, पण रीतीभाती पक्क्या

1974 साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळापासून कोबोल्ड म्हणजे पहिल्या लेव्हलला कापून काढायचा किरकोळ शत्रू. मूळ कोबोल्ड, म्हणजे जर्मन लोककथांतलं ठेंगणं भूत, वेगळा. घरातला असेल तर त्याला दूध-पाव ठेवावा लागतो, खाणीतला असेल तर मान. ग्यॉर्ग आग्रिकोला या सॅक्सनीतल्या वैद्य-अभ्यासकाने 1549 साली जमिनीखालच्या जीवांवर पुस्तक लिहिलं. त्यात खाणीतल्या ठेंगण्यांचं वर्णन आहे: जेमतेम दोन-सव्वादोन फूट उंच, म्हाताऱ्यासारखे, कामगारांचाच वेश. दिवसभर खणताना, बादल्या भरताना दिसतात आणि प्रत्यक्षात काहीच करत नाहीत. कधी खडे मारतात, पण त्यांची टिंगल केली नाही तर इजा करत नाहीत.

त्यांच्या दालनासाठी एवढं पुरे. बाहेरून ठोकण्याचा आवाज, मधूनच कुत्रं भुंकल्यासारखं काहीतरी. खाणीतल्या ढकलगाडीला जर्मनमध्ये 'हुंट', म्हणजे कुत्रा म्हणत, कारण तिचा आवाज भुंकण्यासारखा येतो, असं आग्रिकोलाच सांगतो. प्लेयर कुत्र्याच्या तयारीने आत शिरतात आणि समोर बारा म्हातारे रिकामी गाडी ढकलतायत. त्यांच्यात गंभीर चेहऱ्याने काम करण्याचं सोंग घेतलं तर वाट मिळते. हसलात तर खडे. आमच्याकडे हसू आवरण्यासाठी मी खरंच तपासणी ठेवली: प्लेयर हसला की कॅरेक्टर हसलं. गुणांची तपासणी नाही, फासे नाहीत.

याच कोबोल्डांच्या नावावर एक धातू आहे. सॅक्सनीच्या खाणींत चांदीसारखा दिसणारा एक दगड निघे. भट्टीत घातला की चांदी मिळत नसे, विषारी धूर मात्र निघे, कारण त्यात आर्सेनिक असे. कामगार म्हणत, कोबोल्डने चांदी चोरून हे ठेवलं. स्वीडनच्या ग्यॉर्ग ब्रांटने 1735 च्या सुमारास त्यातला नवा धातू ओळखला, तो कोबाल्ट. निकेलचं नावही अशाच एका खोडकर भुतावरून पडलंय. डंजनमध्ये पहिला 'खजिना' म्हणून हाच दगड ठेवा. वजन नेहमीच्या चांदीएवढं. गावात वितळवायला नेल्यावर काय होतं ते पुढच्या सेशनला.

खरा जीवघेणा रहिवासी एकच ठेवा. आग्रिकोला आन्नाबेर्गच्या एका खाणीतल्या भुताबद्दल लिहितो: घोड्याच्या रूपात, लांब मानेचं, नुसत्या फुंकरीने बाराएक कामगार मारणारं. चांदी भरपूर असूनही ती खाण सोडून द्यावी लागली. आज आपण म्हणू, कोंडलेली विषारी हवा. टेबलावर दोन्ही खरं ठेवा. आल्टर मानच्या तोंडाशी दिव्याची ज्योत आधी निळसर होते, मग बसते, आणि त्यानंतर अंधारात टाप ऐकू येते. जो माघारी फिरतो तो वाचतो. तलवार उपसणाऱ्याला मी सरळ विचारतो, "श्वास धरलाय का?"

आमच्यातली एकजण या टप्प्यावर म्हणाली, "हा तर आपला राखणदार!" साम्य आहेच. पण कोकणातला राखणदार गावाचा असतो, त्याला वर्षाचा नैवेद्य ठरलेला असतो, नातं पिढ्यांचं असतं. बेर्गम्योंशचं कोणाशी नातं नाही. एकदा भेटतो, अट घालतो, जातो. दोघांची सरमिसळ केली तर दोघंही पांचट होतात.

खाण नको, पाणी हवं असेल तर तळ्याखालच्या वासरमानची, म्हणजे जलपुरुषाची, कथा घ्या. त्याचा मित्र झालेला शेतकरी पाण्याखाली पाहुणा म्हणून जातो. एका लहान खोलीत पालथी घातलेली नवी मडकी दिसतात. विचारल्यावर यजमान सहज सांगतो, बुडालेल्यांचे आत्मे आहेत, पळू नयेत म्हणून झाकलेत. शेतकरी गप्प बसतो, आणि नंतर यजमान घरी नसताना येऊन एकेक मडकं उचलतो. एक खोली, चाळीस मडकी, आणि यजमान परत यायला किती वेळ आहे ते माहीत नाही. यावर एक पूर्ण संध्याकाळ निघते.

पायरी 6: खजिना हात भरणारा, दार हात रिकामे मागणारं

क्योटरबेर्ग डोंगराची कथा मला या सगळ्यांत जास्त आवडते. मेंढपाळासमोर एक राजकन्या उभी राहते आणि त्याला 'श्प्रिंगवुर्त्सेल' नावाची मुळी घ्यायला सांगते. कुठलंही दार उघडणारी मुळी. तिने डोंगरातली लोखंडी दारं उघडत दोघं आत जातात. आत टोपल्या भरून सोनं आणि रत्नं. हवं तेवढं घे, ती म्हणते. तो मुळी टेबलावर ठेवतो, खिसे भरतो, निघतो. ती मागून सांगते, "सगळ्यात चांगलं ते विसरू नकोस." त्याला वाटतं, एखादं मोठं रत्न राहिलं. दार त्याच्या टाचांवर आपटून बंद होतं, आणि मुळी आत.

हे जसंच्या तसं वापरा, फक्त एक नियम जोडून: मुळी धरायला एक हात लागतो आणि टोपली उचलायला दोन. बस. राजकन्येचं वाक्य एकदाच, साध्या आवाजात. सोनं तर मिळतंच, मेंढपाळालाही मिळालं. पण मुळी राहिली की पुढच्या वेळचं दार गेलं.

मुळी मिळवायचीही रीत आहे. सुतार पक्ष्याच्या ढोलीला लाकडी पाचर ठोकायची. पक्षी कुठूनतरी मुळी घेऊन येतो, पाचरीसमोर धरतो, पाचर उडते. त्या क्षणी खाली मोठा गलका करायचा किंवा लाल कापड पसरायचं, म्हणजे तो चोचीतून मुळी टाकतो. डंजनच्या आधीचं अर्ध्या तासाचं छोटं साहस तयार.

पायरी 7: अफवा अपुऱ्या वाटून द्या

गावात दारूच्या गुत्त्यात एका म्हाताऱ्याने सगळं सांगायचं, ही जुनी खोड सोडा. हामेल्नच्या आख्यायिकेत मागे राहिलेली दोन मुलं आहेत. एक आंधळं, दुसरं मुकं. आंधळ्याने सगळं ऐकलं होतं, पण जागा दाखवता येईना. मुकं जागा दाखवू शकत होतं, पण काय झालं ते सांगता येईना. एक तिसरा मुलगा डगला आणायला घरी वळला म्हणून वाचला. माहिती अशी वाटायची. आमच्या खाणीच्या गावात एकाला वाट माहीत आहे पण तो आत गेलेला नाही, एक विधवा अट अर्धीच सांगते, आणि मुकादम आतलं सगळं जाणतो पण त्याला मजूर हवेत म्हणून गोड बोलतो.

शिवाय खडकांवर खुणा ठेवा. परदेशी धातुशोधक डोंगरात येऊन गुप्त खुणा कोरत, अशी समजूत तिथे सगळीकडे होती. त्यांना 'व्हेनेडिगर', म्हणजे व्हेनिसवाले म्हणत. गुराखी गाईला जो दगड फेकून मारतो तो गाईहून महाग असतो, अशी म्हणच आहे. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या संग्रहांत परक्या माणसाबद्दलचा द्वेष जागोजाग आहे. ग्रिमांच्या परीकथांत ज्यू माणसाचा छळ विनोद म्हणून सांगणारी कथाही सापडते. कथेची अट घ्या, द्वेष तिथेच सोडा. व्हेनेडिगरला खलनायक न करता आत अडकलेला हुशार सर्वेक्षक केलात तर तो उलट जास्त उपयोगी पडतो.

पायरी 8: सुटका सोपी ठेवू नका

खाणीतलं शेवटचं दालन मी दुसऱ्या कथेतून घेतलंय. कुटेनबेर्ग, आजचं चेक प्रजासत्ताकातलं कुत्ना होरा. तिथे तीन कामगार दरड कोसळून अडकले. जवळ प्रार्थनेचं पुस्तक, दिवसभर पुरेल एवढी भाकरी आणि तेवढंच तेल. ते प्रार्थना करत आणि खणत राहिले. भाकरी संपेना, दिवा विझेना. त्यांना वाटलं एक दिवस गेला, बाहेर सात वर्षं उलटली होती. दाढ्या हातभर वाढल्या. मग प्रत्येकाने एक इच्छा बोलून दाखवली: एकाला पुन्हा एकदा उजेड बघायचा होता, दुसऱ्याला बायकोसोबत एकदा जेवायचं होतं, तिसऱ्याला तिच्यासोबत एक वर्ष राहायचं होतं. डोंगर फाटला. पहिल्याने आभाळ बघितलं आणि कोसळला. दुसरा जेवला, शेवटचा घास संपला तसा गेला. तिसरा वर्षभर जगला.

डंजनमध्ये दरडीपलीकडून ठोकण्याचा आवाज येतो. फटीतून बोलता येतं. तिघं आनंदात आहेत, तिन्ही इच्छा सांगतात. त्यांची अजून न विझलेली ज्योत फटीतून दिसते. प्लेयरना परिणामाची खूण द्यायची ती इथेच: फटीतून एकाने हात बाहेर काढला, की पार्टीच्या उजेडात तो हात म्हातारा होतो, आत ओढला की पुन्हा तरुण. आता दरड फोडायची की नाही ते त्यांनी ठरवायचं. आमच्या एका ग्रुपने फोडली. दुसऱ्याने बायकोलाच आत आणून फटीतून जेवण भरवलं. हा उपाय मला स्वतःला सुचला नव्हता.

पायरी 9: डंजन गुत्त्यात संपतं

दुसरा नियम, म्हणजे मला पाहिल्याचं सांगू नका, खाणीत मोडताच येत नाही. म्हणून बाहेर आल्यावर सेशन संपवू नका. एक्सपीरियन्स पॉइंट वाटू नका, शीट गोळा करू नका, चण्यांच्या वाट्या टेबलावरच राहू द्या. शनिवारची रात्र. गुत्त्यात शेकोटी, बिअर, गावातली आठ-दहा माणसं. मालकिणीला एक साधा प्रश्न विचारायला लावा: "एवढा वेळ आत होतात, तेल कसं पुरलं?" आणि गप्प बसा. मदत करू नका, आठवण करून देऊ नका.

आमच्या पहिल्या ग्रुपने छान टोलवाटोलवी केली. मेणबत्त्या होत्या म्हणाले, अंधारात बसलो म्हणाले. मालकिणीने हसून दुसरा पेला भरला. मग काठीवाला, ज्याची तलवार भिंतीत गेली होती, त्याला राहवेना. सगळे त्याच्या काठीवर हसत होते आणि त्याला ती तलवार कशी गेली हे सांगायचंच होतं. तो सांगत सुटला, हातवारे करत, साधूचा आवाज काढत. मी काही बोललो नाही. त्याचं संपल्यावर उठलो, चारही वाट्या उचलल्या आणि चणे डब्यात ओतले.

"पण मी तर एकट्यानेच सांगितलं," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी पुन्हा खाणीत जायचं ठरलं होतं.